उलटं फिरणारं हँडल

प्रिय दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरला असशील तर आधीच सांगते, बाबा बरे आहेत. हे लिहितेय तेव्हा ते बाहेर शेडमध्ये गाडीत बसलेत, नेहमीच्या जागी, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, आणि काच वर-खाली करून बघताहेत. काच दुरुस्त झाली. मी केली. एवढं सांगायला पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तुझं पहिलंच वाक्य असतं, बोल गं पटकन, कामात आहे. मग मीही पटकन बोलून मोकळी होते आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की सांगायचं ते राहूनच गेलं. या वेळी मला पटकन बोलायचं नाहीये. पत्राचं एक बरं असतं, समोरच्याला मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा चहा करून घे, चष्मा लाव आणि शेपटाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐक. शेपूट हे नाव तूच ठेवलेलं, तू जाशील तिथे मी मागे मागे असायची म्हणून. आता तसं म्हणणारं कुणी उरलं नाही, पण मला अजून हाक मारल्यासारखी ऐकू येते.

काचेची गोष्ट पहिल्यापासून सांगते. गुडघे गेल्यापासून बाबांचं जग म्हणजे ती गाडी. सकाळची बाई येऊन त्यांना आंघोळ घालते, मी कामावर जाण्याआधी खायला देते, आणि मग काठी टेकत टेकत ते शेडपर्यंत जातात आणि गाडीत जाऊन बसतात. गाडी कुठे जात नाही. मी अधूनमधून दवाखान्यापर्यंत नेते तेवढीच तिची रपेट. पण काच खाली करून, कोपर बाहेर टेकवून, गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत बसायचं, हा बाबांचा दरबार. तर मागच्या महिन्यात भर दरबारात ती काच धाडकन दाराच्या पोटात पडली. हँडल नुसतं गरगर फिरायला लागलं. मी संध्याकाळी आले तर स्वारी मफलर गुंडाळून बसलेली, वाऱ्याने कान लाल झालेले. मी म्हटलं, उद्याच मेकॅनिकला बोलावते. तर नको म्हणाले. बरं, सुट्टीच्या दिवशी मीच बघते. तर म्हणाले, तू तर मुळीच हात लावू नकोस, मी बघेन सावकाश. दादा, घरातली बिजागरी कुरकुरली तर जेवणावरून उठणारा हा माणूस. जन्मभर लोकांच्या अडकलेल्या लिफ्ट चालू करून दिल्या आणि स्वतःच्या गाडीची काच दिवसचे दिवस तशीच ठेवली. शेवटी मी प्लॅस्टिकचा कागद चिकटपट्टीने लावला. वारा आला की तो फडफडायचा आणि बाबा त्याला शिव्या घालायचे. सर्दी झाली, खोकला झाला, पण काचेचा विषय काढला की कानावर हात. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट आहे. आता स्वतःचे हात थरथरतात, आणि दुसऱ्याने केलेलं बघवत नाही. मला तर त्यांची दया येत होती.

त्यावरून आपले रविवार आठवले. वर्तमानपत्र पसरून बाबा आपल्याला लिफ्टचे जुने सुटे भाग उघडायला द्यायचे. केबल कुठून निघते, कुठल्या कप्पीवरून वळते, फिरकीवर कशी बसते, हे आपल्याला पाढ्यांच्या आधी यायला लागलं होतं. तुझे हात माझ्यापेक्षा चपळ, हे मी तेव्हाही कबूल करायचे. पण एक गोष्ट तुला काही केल्या जमायची नाही. केबल गुंडाळायची वेळ आली की तू ती हमखास उलटी गुंडाळायचास. मागच्या गॅलरीत आईला कपडे वाळत घालायची चौकट बसवून दिलीस, हँडल फिरवलं की खाली येणारी, आठवतं का? आईने पहिल्यांदा हँडल फिरवलं तर चौकट खाली यायच्या ऐवजी ओल्या चादरींसकट छताला जाऊन भिडली. बाबा म्हणाले, उलटी गुंडाळलीस रे गाढवा. तू छाती काढून म्हणालास, मग हँडल उलटं फिरवा, त्यात काय एवढं. आई बिचारी शेवटपर्यंत उलटंच फिरवत राहिली. तुझी दुसरी खोड नेलपॉलिशची. स्क्रू ढिला पडू नये म्हणून त्याच्या डोक्यावर तू आईच्या बाटलीतला एक थेंब सोडायचास. बाबा चिडायचे, हे स्क्रू काय लग्नाला निघालेत का म्हणून. पण तुझे स्क्रू कधी सुटले नाहीत. मिक्सर असो की सायकल, लाल टिकली दिसली की आम्ही समजायचो, इथे दादाचा हात लागलाय.

मग ते किल्लीचं भांडण झालं. त्याचं सगळं पुन्हा उगाळत नाही. बाबांना दिसायचं कमी झालं होतं, त्यांनी गाडी कुंपणाला घातली होती, तू किल्ली काढून खिशात टाकलीस. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं. बाबा म्हणाले, मला वेडा ठरवणाऱ्या मुलाने माझ्या दारात उभं राहू नये. तू म्हणालास, नाही राहत. किल्ली टेबलावर आपटलीस आणि गेलास. मी चहाचा ट्रे धरून दारातच उभी होते, कुणालाच माझी आठवण नव्हती. दोघांचेही चहा मी मोरीत ओतले. त्यानंतर तू आला नाहीस. निदान मी तरी आजवर तसंच धरून चालले होते.

त्यानंतरची वर्षं कशी गेली हे तू कधी विचारलं नाहीस म्हणून आज न विचारता सांगते. दिवसभर मी लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवते. मेणात दात बसवायचे, हिरड्या कोरायच्या, घासून गुळगुळीत करायच्या. संध्याकाळी घरी येऊन बाबांची कवळी धुवायची, म्हणजे दातांपासून काही सुटका नाही. पण कामाचा मला कंटाळा नव्हता. कंटाळा यायचा तो संध्याकाळच्या रडगाण्याचा. दिवा लावला की बाबा सुरू. तुझा दादा मला विसरला गं. एकुलता एक मुलगा, पण मेलो का जगलो विचारत नाही. डोळ्यांत पाणी. मी पाठीवरून हात फिरवायची, तुझी बाजू घ्यायची, त्याला काम असतं हो बाबा, त्याचंही मन दुखलंय, असं काहीबाही सांगायची. बाबा मान हलवून म्हणायचे, आता तूच काय ती. दादा, बाई म्हणून, मुलगी म्हणून, मला ते वाक्य आवडायचं, खोटं कशाला बोलू. कुणाला तरी आपलीच गरज आहे असं ऐकलं की माणूस हुरळतं. मी हुरळले होते.

दोन हिवाळ्यांपूर्वी बंदराच्या गावातल्या मोठ्या लॅबची मालकीण आमच्याकडे काम बघायला आली होती. माझं काम बघून म्हणाली, माझ्याकडे ये, नव्या मुलींना शिकव, राहायला खोली आहे, समोर पाणी दिसतं. तिला भेटायला जाताना मी नेलपॉलिश लावलं होतं. लॅबमध्ये लावून उपयोग नसतो, घासताना निघून जातं, त्यामुळे मी कधी घेतच नाही. पण त्या बुधवारी मुद्दाम दुकानात जाऊन गडद जांभळ्या रंगाची बाटली घेतली. मला चाळिशी उलटून गेल्यावर पहिल्यांदा वाटलं होतं की आपलंही काहीतरी होऊ शकतं. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते अडवायला आले नाहीत रे. म्हणाले, जा की, माझं काय, मी भिंतींशी बोलेन. मुलगा असून नसल्यासारखा, मुलगीही गेली तर एवढंच ना की पडलो तर संध्याकाळपर्यंत पडून राहीन. आणि मग शेडकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी मी नकार कळवला. कळवून आले आणि ती बाटली फेकून द्यावी म्हणून आरशाच्या फळीपाशी गेले, तर बाटली तिथे नव्हती. बाबा म्हणाले, झाकण उघडं राहून वाळली होती, टाकून दिली. बरं झालं, मलाही बघायची नव्हती. ती जागा आता पुन्हा रिकामी झालीय. मालकिणीने आपणहून विचारलंय. मी तिला काय सांगितलं ते शेवटी लिहिते, आधी काच.

काच पडण्याआधीही त्या दाराचं काहीतरी वेगळं होतं. दोन हिवाळ्यांपासून त्याचं हँडल उलटं फिरत होतं. बाकी तिन्ही दारांची हँडलं पुढे फिरवली की काच खाली येते, बाबांच्या बाजूचं मात्र पुढे फिरवलं की वर जायची. मी एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, गाडी म्हातारी झाली, तिचं डोकं फिरलंय. मी हसले होते आणि विसरले होते. तसंच बुधवारचं. बुधवारी आमच्या लॅबमधून आठवड्याचं काम डॉक्टरांकडे जातं, म्हणून मला यायला उशीर होतो. आणि नेमके बुधवारी बाबा खुशीत असायचे. दाढी केलेली, शर्टाला वरपर्यंत बटणं, चक्क कपबशा धुऊन पालथ्या घातलेल्या. जन्मात ज्यांनी पेला उचलून मोरीत ठेवला नाही त्यांनी! मी कौतुकाने लॅबमध्ये सगळ्या बायकांना सांगितलं होतं की बुधवारी रेडिओवर जुनी गाणी लागतात, ती ऐकली की आमचे बाबा अगदी तरुण होतात. ड्रायव्हरची सीट मागे सरकलेली असायची, मला पाय पुरायचे नाहीत, तर म्हणायचे, मी तिथे जरा आडवा झालो होतो. गुडघ्यांनी ते स्टिअरिंगमागे कसे शिरले हे मी विचारलं नाही. आपल्या माणसाची उलटतपासणी कोण घेतं?

गेल्या रविवारी दुपारी बाबा झोपले होते. मला वाटलं, उठायच्या आत काच करून टाकावी, म्हणजे हट्ट करायला जागाच उरणार नाही. सुट्या भागांच्या दुकानात आदल्या दिवशीच विचारून आले होते. त्याने सांगितलं, बाई, या गाडीचं काचेचं मशीन आता मिळत नाही, केबल तुटली असेल तर नुसती केबल बदला. बाबांनी शिकवलं होतं तसं हँडलच्या मागे फडकं घातलं, दोन्ही टोकं धरून पुढे-मागे ओढलं, आणि आतली क्लिप टुणकन उडून माझ्या मांडीवर पडली. एवढा आनंद झाला म्हणून सांगू. मग दाराचं पॅड कडेकडेने सोडवलं, प्लॅस्टिकचा पडदा सोलून बाजूला केला आणि टॉर्च आत धरला. काच तळाशी तिरकी बसलेली. केबल तुटलेली. पण ती गाडीची मूळ केबल नव्हतीच. कुणीतरी सायकलच्या ब्रेकची तार ओवून काम चालवलं होतं. आणि ती फिरकीवर उलटी गुंडाळली होती.

मला पहिल्यांदा काही समजलंच नाही, किंवा मी समजायचं टाळलं. टॉर्च जरा वर घेतला. मशीन दाराला धरून ठेवणारे स्क्रू दिसले. प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक टिकली. लाल नव्हे, जांभळी. दादा, कवळी कुणाच्या हातची आहे हे मी टेबलावर ठेवल्या ठेवल्या सांगते. मेण कापायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते, ती लपवतो म्हटलं तरी लपत नाही. मग सख्ख्या भावाचा हात मी ओळखणार नाही? तो रंग मी दुकानात उभं राहून किती वेळ निवडला होता. त्या बाटलीतून मी एकदाच नखं रंगवली आणि नकार कळवला त्या दिवशी ती फळीवर नव्हती. म्हणजे तू त्याच्याही आधी येऊन गेला होतास. बाबा मला भिंतींशी बोलेन म्हणून सांगत होते, तेव्हा तुझे स्क्रू दारात वाळत होते. मी शेडमध्ये जमिनीवर बसून राहिले. हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवायचंही सुचलं नाही.

फिरकी नुसती खाचेत बसलेली होती, ती तारेसकट काढली आणि बाबा उठल्यावर वर्तमानपत्रावर ठेवून त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी चष्मा लावला, फिरकी हातात घेतली, बोटाने तार चाचपली, आणि दादा, त्यांचा धंदा त्यांना नडला बघ. म्हणाले, तेव्हाच म्हटलं होतं त्याला, उलटी गुंडाळतोयस म्हणून, ऐकतो कुठे. बोलून गेले आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तशीच उभी. मला वाटलं आता रडतील, छाती धरतील, काहीतरी करतील. काही केलं नाही. फिरकी कागदावर ठेवली आणि म्हणाले, तुला कळलं असतं तर तू गेली असतीस. इतकं साधं. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. मग एकेक बाहेर आलं. तू एका बुधवारी आपणहून आलास, पायरीवर उभा राहिलास, आणि दारात उभं राहू नकोस म्हणणाऱ्या माणसाने तुला आत घेतलं. मग दर बुधवारी. गाडीत बसायचात, कधी तू त्यांना नदीच्या पुलापर्यंत फिरवून आणायचास. तिला सांगायचं का, असं बाबांनी विचारलं तर म्हणे तू म्हणालास, राहू द्या, मग ती म्हणेल, आता अर्धं तू बघ. हे तू बोललास की बाबांनी स्वतःची कातडी वाचवायला तुझ्या नावावर खपवलं, हे मला माहीत नाही. तुमचं तुम्ही बघून घ्या. दोघांनाही ते सोयीचं होतं, एवढं मला कळलं. तुला बाबा हवे होते, पण दाढी केलेले, बटणं लावलेले, तासाभरासाठी. बाबांना तू गप्पांना हवा होतास आणि मी बाकी सगळ्याला.

समोरच्या शिंपीणकाकूंकडे गेले. त्या शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाल्या, अगं आम्हाला वाटलं तुला ठाऊक असेल. गल्लीतलं ते पिवळं कुत्रं पोस्टमनवर अजून भुंकतं, तुझ्यावर म्हणे भुंकत नाही. साऱ्या गल्लीला माहीत, कुत्र्याला माहीत, आणि मी मात्र लॅबमध्ये रेडिओच्या गाण्यांची तारीफ करत बसलेली. माझ्या वाढदिवसाला तू फोन केला होतास ते आठवतं? गुरुवार होता. तू विचारलंस, म्हातारा चालतो का गं अजून? आदल्याच दिवशी तू त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं होतंस. आणि मी फोनवर रडत रडत तुला सांगत होते, कसे चालतात, किती दुखतं, रात्री कसे कण्हतात. तू हं हं म्हणून ऐकून घेतलंस. माझं बोलणं संपेपर्यंत ऐकलंस, कधी नव्हे ते कामात आहे म्हणाला नाहीस. मला बरं वाटलं होतं त्या दिवशी. माझ्या दादाला अजून माझी माया आहे, असं वाटलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच ना रे?

नोकरीच्या जागेचं एक वेळ सोडून देईन. बाबांचंही एक वेळ समजून घेईन, म्हातारं माणूस, घाबरलं. पण तू माझ्या घरात येत होतास. माझ्या कपातून चहा पीत होतास. माझ्या फळीवरून माझी बाटली उचललीस. आणि एक दिवस, एकच दिवस, मी येईपर्यंत थांबावंसं तुला वाटलं नाही. बाबांना भेटायला तू अपमान गिळून आलास, मला भेटायला तर तुला काहीच गिळायचं नव्हतं. मी तुझं काय वाईट केलं होतं? मी काही कामाची वाटणी मागितली नसती रे. दारात तुला बघितलं असतं तर आधी तुझ्या पाठीत धपाटा घातला असता आणि मग रात्रीचं जेवण चौघांचं नसलं तरी तिघांचं केलं असतं. इतकी वर्षं मी त्याच एका संध्याकाळची वाट बघत होते. ते तुला माहीत नसेल असं मी स्वतःला समजावून बघितलं, पण पटत नाही. शेपटाला तू चांगलं ओळखतोस.

असो. दाराचं पॅड उघडं टाकून रडत बसणं मला जमलं नाही. संध्याकाळी पुन्हा शेडमध्ये गेले. तुझे स्क्रू सुटता सुटेनात, शेवटी लॅबमधून घरी आणलेलं द्रावण कापसाने लावून टिकल्या पुसल्या तेव्हा हलले. नवी तार आणली होती ती फिरकीवर सुलटी गुंडाळली, कप्प्यांना ग्रीस लावलं, काच पट्टीत बसवली, हँडल पुढे फिरवलं आणि काच शहाण्यासारखी खाली आली. स्क्रूंवर नेलपॉलिश लावलं नाही, वॉशर घातले. बाटली बाबांच्या हत्यारांच्या डब्यात सापडली, तळाशी घट्ट होऊन बसली होती. त्याच द्रावणाचे दोन थेंब टाकून हलवल्यावर पुन्हा पातळ झाली. हे पत्र लिहिणारा हात सध्या जांभळ्या नखांचा आहे, आणि चांगला दिसतोय.

तर आता मालकिणीला काय सांगितलं ते. येते म्हणून सांगितलं. तेवढं तुला कळवायलाच हे पत्र लिहायला घेतलं होतं, काचेचं पुराण मध्येच वाढत गेलं. शनिवारी सकाळी मी निघतेय. बाबांना सांगितलंय. ते म्हणाले, बुधवारपर्यंत तरी थांब. मी म्हटलं, बुधवारी मी घरी असलेलं कधी चाललंय तुम्हाला? गाडीत जाऊन बसताना त्यांनी माझा हात धरला आणि बसल्यावर लगेच सोडला नाही. दादा, माझा पाय निघत नाहीये, तरी मी निघणार. सकाळची बाई रविवारपर्यंत मुक्कामाला राहील. घराची किल्ली शिंपीणकाकूंकडे आहे. औषधं फ्रिजवरच्या डब्यात, पिवळ्या झाकणाची जेवणाआधी, पांढऱ्या झाकणाची नंतर. कवळी रोज रात्री पाण्यात ठेवायची, विसरलास तर सकाळी तुझ्यावरच खेकसतील. कण्हायला लागले की डाव्या गुडघ्याखाली उशी द्यायची. येणार नसशील तर ते बाबांना तूच सांग, तोंडावर, मला कळवू नकोस. काच आता सुलटी फिरते. बाबांचा हात अजून उलटाच जातो आणि ते वैतागतात, तुझाही जाईल. सोमवारपासून मी तिकडे कामावर असेन, त्यामुळे तू येशील तेव्हा तुला मी भेटणार नाही. पण मी घरी नसताना यायची तुला सवय आहेच.

एवढं सगळं होऊनही तुझीच,
शेपूट